रेकॉर्डची फॅशन परत आलीय. पण आजोबांच्या पेटीतल्या रेकॉर्डींचं काय करायचं?

प्रश्न विचारणारे अंबाजोगाईचे आहेत. त्यांच्या आजोबांचा लाऊडस्पीकर आणि मंडपाचा धंदा होता. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत शंभर-सव्वाशे रेकॉर्डी सापडल्या, काही लहान पण जाड आणि जड, बाकीच्या मोठ्या एलपी. रेकॉर्डची फॅशन परत आली असं ते सगळीकडे वाचतात. ऑनलाइन पाच-सहा हजारांत सुटकेससारखा उघडणारा प्लेअर दिसतोय. फॅशन खरंच आली आहे का, तो प्लेअर घ्यावा का, की सगळं विकून मोकळं व्हावं, असं त्यांनी विचारलं आहे.

मी परभणीत रेडिओ, अ‍ॅम्प्लिफायर आणि रेकॉर्ड-प्लेअर दुरुस्त करतो. मधली बरीच वर्षं प्लेअरचं काम जवळपास बंद होतं, आता परत येऊ लागलं आहे. तुमचा प्रश्न वाचल्यावर मला वाटतं, फॅशन हा त्यातला सगळ्यात छोटा भाग आहे. तुमच्याकडे आहेत त्या रेकॉर्डी आज ऐकण्यासारख्या उरल्या आहेत का, आणि त्या ऐकताना आणखी खराब होणार नाहीत असं मशीन कोणतं, ही खरी अडचण आहे. तिचं उत्तर पेटीत काय आहे यावर ठरेल.

फॅशनचं आधी उरकतो. हो, ती आली आहे. अमेरिकेत २०२० साली एलपींच्या विक्रीतून आलेला पैसा सीडीच्या पुढे गेला, १९८६ नंतर पहिल्यांदा. २०२२ मध्ये नगांच्या हिशेबातही तेच झालं : सुमारे ४.१ कोटी एलपी खपल्या आणि ३.३ कोटी सीडी. टेक्निक्सने आपलं प्रसिद्ध एसएल-१२०० हे टर्नटेबल, म्हणजे स्पीकर नसलेला नुसता प्लेअर, २०१० मध्ये बंद केलं होतं, ते २०१६ मध्ये पुन्हा बाजारात आणलं. आपल्याकडे सारेगामा, म्हणजे पूर्वीची एचएमव्ही, जुन्या ध्वनिमुद्रणांच्या एलपी पुन्हा काढते आहे आणि २०२४ पासून मुंबईत रेकॉर्डी छापण्याचं कामही परत सुरू झालं आहे.

मात्र हे आकडे कुणी तोंडावर फेकले तर दुसरी बाजूही लक्षात असू द्या. त्याच अमेरिकेत २०२३ साली संगीताच्या कमाईतला ८४ टक्के वाटा स्ट्रीमिंगचा होता. रेकॉर्ड विकत घेणाऱ्यांतल्या जेमतेम निम्म्या लोकांकडे ती वाजवायला प्लेअर आहे, असंही तिकडच्या पाहणीत दिसलं. बाकीचे कव्हर भिंतीला लावतात, आवडत्या गायकाची आठवण म्हणून जपतात. त्यात वाईट काही नाही, पण तो वेगळा शौक झाला.

मला या फॅशनचा आनंद एका कारणासाठी आहे. तिच्यामुळे सुया परत मिळू लागल्या. पंधरा-वीस वर्षांपूर्वी गिऱ्हाईक चांगला प्लेअर घेऊन आलं तरी सुईअभावी परत पाठवावं लागायचं. मुंबईच्या चोर बाजारात किंवा हैदराबादच्या जुमेरात बाजारात कुणी जाणार असेल तर त्याच्याजवळ कार्ट्रिजचा, म्हणजे सुई बसते त्या डबीचा, नंबर लिहून द्यायचा आणि वाट बघायची. आज नवी सुई, बेल्ट, कार्ट्रिज बसवायचं हेडशेल कुरिअरने घरी येतं. मराठवाड्यात बसून रेकॉर्ड ऐकणं पुन्हा शक्य झालं ते यामुळे.

आता तुमच्या पेटीकडे येतो. इथे थोडं सविस्तर लिहावं लागेल, कारण पुण्या-मुंबईच्या लोकांचा सल्ला आपल्याकडे जसाच्या तसा लागू पडत नाही.

तिकडे रेकॉर्ड घरात वाजली. दिवाणखान्यातल्या रेडिओग्रामवर, म्हणजे रेडिओ आणि प्लेअर एकत्र असलेल्या कपाटावर, रविवारी सकाळी, चार माणसांत. आपल्याकडे रेडिओग्राम वकिलाच्या, डॉक्टरच्या, एखाद्या देशमुखांच्या नाहीतर आडत व्यापाऱ्याच्या वाड्यात असायचा. बाकी गावाने रेकॉर्ड ऐकली ती भोंग्यातून. लग्नाची वरात, परभणीचा उरूस, माळेगावची जत्रा, गणपती, निवडणूक. वीज नसेल तिथे बॅटरीवर अ‍ॅम्प्लिफायर चालायचा. पहाटे भक्तिगीताने सुरुवात, दुपारी जेवणावळीला सिनेमाची गाणी, रात्री कव्वाली. पिकअप, म्हणजे सुईचा दांडा, जड, सुई स्वस्तातली, आणि आवाज फाटायला लागल्याशिवाय ती कुणी बदलायचं नाही. सफायरची सुई पन्नासेक तासांत झिजते. लग्नसराईत तेवढे तास आठवडाभरात भरायचे. हिऱ्याची सुई पाचशे ते हजार तास जाते, पण ती महाग होती. झिजलेल्या सुईला धार येते आणि ती धार खाचेच्या भिंती तासत जाते. तुमच्या आजोबांनी रेकॉर्डींची हेळसांड केली असं मी म्हणत नाही. त्यांचं पोट त्या रेकॉर्डींवर होतं, आणि धंद्यातली वस्तू वापरूनच झिजते.

म्हणून मशीनवर एक रुपयाही खर्च करण्याआधी पेटी खाली घ्या आणि रेकॉर्डी तपासा. संध्याकाळी खोलीतले मोठे दिवे बंद करून एकच दिवा बाजूला ठेवा. रेकॉर्ड कडेने धरून त्या उजेडात तिरकी फिरवा. चांगली खाच काळीभोर दिसते, तिच्यावरून चमक अखंड फिरते. झिजलेली खाच राखाडी, मळकट दिसते आणि पुसून ते जात नाही. लेबलजवळचा भाग मुद्दाम बघा. एलपीच्या बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटीमीटर खाच सरकते, आत लेबलापाशी जेमतेम २१. तेवढंच गाणं कमी जागेत कोंबलेलं असतं, त्यामुळे वाईट सुईचा मार तिथे सगळ्यात जास्त बसतो.

मंडपवाल्यांच्या एलपींवर आणखी एक गोष्ट दिसेल. सहा गाण्यांतल्या एकाच गाण्याचा पट्टा राखाडी आणि बाकीचे पाच नवेकोरे. त्या हंगामात वरातीला तेवढंच गाणं हवं असायचं. लेबलवर चिकटवलेली कागदाची पट्टी किंवा रंगाचा ठिपका असेल तर बहुधा त्याच गाण्याची खूण असते. अशी रेकॉर्ड टाकून देऊ नका, उरलेली पाच गाणी सुंदर वाजतात. भोकाभोवती लेबलवर बारीक रेघांचं जाळंही पाहा. अंधारात, घाईत मधला दांडा शोधताना पडलेल्या त्या रेघा असतात. जितकं जाळं दाट तितकी रेकॉर्ड जास्त वाजलेली. ओरखड्यावरून नख अलगद फिरवा. नख अडलं तर तिथे टक् टक् येणार, नख सरकलं तर बहुतेक वेळा ओरखडा वरवरचा असतो.

हे करतानाच रेकॉर्डींचे दोन ढीग करा. जाड, जड, लेबलवर ७८ (मिनिटाला तेवढ्या फेऱ्या) लिहिलेल्या त्या लाखेच्या. लाख, दगडाची बारीक पूड आणि काजळी यांचं ते मिश्रण. पडली की कपासारखी फुटते. दुसरा ढीग प्लॅस्टिकच्या, म्हणजे व्हिनाइलच्या : ३३ आणि ४५ वेगाच्या. ३३ची एलपी १९४८ मध्ये अमेरिकेत आली आणि ४५ पुढच्याच वर्षी, पण आपल्याकडे ७८च्या रेकॉर्डी साठच्या दशकातही निघत होत्या. त्यामुळे गाणं कोणत्या काळातलं आहे यावरून अंदाज बांधू नका, हातातला माल बघा.

हा भेद इतका महत्त्वाचा का, तर सुईसाठी. ७८ची खाच रुंद असते, तिला साधारण ७५ मायक्रॉन गोलाईची सुई लागते. एलपीची खाच बारीक, तिची सुई १८ मायक्रॉनच्या आसपास. एलपीची सुई ७८वर ठेवली तर ती खाचेच्या तळाशी लोळते आणि नुसती खरखर ऐकवते. उलट ७८ची सुई एलपीवर ठेवणं म्हणजे दाभणाने रेशीम शिवणं. जुन्या बऱ्याच प्लेअरांत कार्ट्रिजखाली एक चिमुकली दांडी असते, एका बाजूला ७८ आणि दुसऱ्या बाजूला एलपी असं लिहिलेली. ती फिरवली की सुई बदलते. आजोबांचा एखादा प्लेअर किंवा चेंजर (एकामागून एक रेकॉर्डी आपोआप लावणारा प्लेअर) घरात सापडला तर ही दांडी आधी बघा. माझ्याकडे ‘आवाज फाटतो’ म्हणून आलेल्या किती तरी मशीनांत बिघाड काहीच नव्हता, दांडी चुकीच्या बाजूला होती.

आता तो सुटकेस-प्लेअर. माझं मत स्पष्ट आहे, तुमच्यासाठी तो घेऊ नका. एकदा वाजवल्याने रेकॉर्ड मरते असं काही लोक लिहितात, ते खरं नाही. पण त्याच्या सिरॅमिक कार्ट्रिजचा भार पाच-सहा ग्रॅमपर्यंत जातो, चांगल्या मॅग्नेटिक कार्ट्रिजचा दोन ग्रॅमच्या आसपास असतो. भार कमी-जास्त करायची सोय नाही. शिवाय स्पीकर त्याच पेटीत. आवाज वाढवला की पेटी थरथरते, ती थरथर सुईत शिरते आणि सुई उड्या मारते. नव्या कोऱ्या रेकॉर्डी घेणाऱ्या कॉलेजच्या मुलीला हौसेपुरता तो चालेल. तुमच्या रेकॉर्डींनी आधीच बराच मार खाल्लेला आहे, त्यांना हलका हात हवा.

मग काय घ्यावं? पेटीत फक्त एलपी धड असतील तर ऑडिओ-टेक्निकाच्या एलपी-६० सारखं साधं बेल्टचं टर्नटेबल पुरेसं आहे. सुई आपोआप उतरते, आपोआप परत जाते, घरातल्या वयस्कर माणसालाही वापरता येतं. त्याची सुई स्वस्त आहे आणि सहज मिळते. त्यावर ७८चा वेग मात्र नाही. लाखेच्या रेकॉर्डीही ऐकायच्या असतील तर त्याच कंपनीच्या एलपी-१२० सारखं, तिन्ही वेगांचं मशीन बघावं लागेल. त्याच्या कार्ट्रिजला ७८ची वेगळी सुई मिळते. जुनी ओढून काढायची, नवी खोचायची, अर्ध्या मिनिटाचं काम. खर्च वाढतो, हे खरं. म्हणूनच आधी ढीग मोजा म्हणालो. ७८च्या चारच रेकॉर्डी निघाल्या तर त्यांच्यासाठी एवढं करू नका, ज्याच्याकडे असं मशीन आहे त्याच्याकडून त्या एकदा कॉम्प्युटरवर उतरवून घ्या.

मशीन घेताना ‘फोनो प्रीअ‍ॅम्प आत आहे का’ हा एक प्रश्न विसरू नका. मॅग्नेटिक कार्ट्रिजमधून निघणारा सिग्नल चार-पाच मिलिव्होल्टचा असतो. शिवाय रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम कमी आणि वरचे सूर जास्त केलेले असतात, नाहीतर खर्जाने खाच इतकी रुंद होईल की एलपीवर गाणी मावायची नाहीत. वाजवताना हे उलटं करून घ्यावं लागतं. ते काम प्रीअ‍ॅम्प करतो. तो नसताना वायर थेट होम थिएटरच्या ऑक्सला लावली की आवाज बारीक आणि पत्र्यासारखा येतो, आणि माणूस मशीनला दोष देत दुकानात येतो. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला ‘फोनो’ लिहिलेलं भोक असेल तर तिथेही काम होतं.

अमेरिकेतल्या नातेवाइकाकडून मशीन आणवणार असाल तर थांबा. ट्रान्सफॉर्मर लावून ११० व्होल्टची अडचण सुटते, पण तिकडची वीज ६० हर्ट्झची आणि आपली ५०. जुन्या एसी सिंक्रोनस मोटरचा वेग या हर्ट्झवर ठरतो. ती मोटर इथे एकषष्ठांशाने हळू फिरते, ३३ऐवजी जवळपास २८, आणि गायिकेचा आवाज गायकासारखा येतो. ट्रान्सफॉर्मर कितीही मोठा घेतला तरी हे सुधारत नाही. पुली बदलावी लागते आणि ती सहज मिळत नाही. अ‍ॅडॅप्टरवर चालणाऱ्या डीसी मोटरच्या नव्या मशीनांना हा त्रास नाही. आपल्याकडे स्क्वेअर वेव्हचे इन्व्हर्टर अजून भरपूर आहेत. त्यांच्यावर टर्नटेबल लावलं की स्पीकरमधून घूं घूं येतं आणि जुनी एसी मोटर तापते. लाइट गेली की रेकॉर्ड थांबवायची, एवढा नियम पाळला तरी पुरे.

नवं न घेता जुनंच मशीन सुरू करायचं झालं, उदाहरणार्थ एचएमव्ही फिएस्टा किंवा गॅरार्डचा चेंजर, तर ते मी आनंदाने करतो, कारण ही मशीनं मजबूत आहेत. उन्हाळ्यांनी त्यांचं रबर मात्र कडक झालेलं असतं. वर्षानुवर्षं एकाच जागी दाबून राहिल्याने रबरी चाकाला खड्डा पडतो आणि प्रत्येक फेरीला धप् धप् येतं. ग्रीस वाळून गोंद झालेलं असतं. ते सगळं काढून, साफ करून, नवं घालावं लागतं. नुसतं तेल सोडून चालत नाही. वेग बरोबर आहे का हे स्ट्रोबच्या कागदी चकतीने बघता येतं : ५० हर्ट्झच्या विजेवर ३३साठी १८० रेघांची चकती लागते. फिरत्या चकतीवरच्या रेघा स्थिर दिसल्या की वेग जमला. हे जुन्या पिवळ्या बल्बखाली किंवा चोक असलेल्या ट्यूबखाली करा, बऱ्याच एलईडींत तो लुकलुकाट नसल्याने काहीच दिसत नाही.

जपणुकीचं सांगायला हवं, कारण इथली हवा रेकॉर्डीला मानवत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४२-४३ सहज गाठतो, आणि पत्र्याखालचा माळा त्याहून कितीतरी जास्त तापतो. व्हिनाइल ६०-७० अंशांना मऊ पडतं, पण आडव्या ढिगाच्या वजनाखाली त्याच्या आधीच हळूहळू वाकायला लागतं. रेकॉर्डी आडव्या रचू नका. पुस्तकांसारख्या उभ्या, एकमेकींना टेकून, खालच्या मजल्यावरच्या आतल्या भिंतीशी ठेवा. जुनी प्लॅस्टिकची आतली पिशवी चिकटत असेल तर फेकून द्या, साधा गुळगुळीत कागद चालतो. काळ्या मातीची धूळ बारीक असते आणि खाचेत बसली की सुईबरोबर घासत राहते, त्यामुळे धुतल्याशिवाय एकही रेकॉर्ड वाजवू नका.

धुण्याची रीत दोन ढिगांना वेगळी. एलपीला डिस्टिल्ड वॉटर, त्यात सौम्य लिक्विड साबणाचा एखादा थेंब, मऊ कापड, खाचेच्या दिशेने गोल फिरवायचं, मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा पुसून सावलीत उभी वाळवायची. बोअरचं पाणी वापरू नका, त्यातला क्षार खाचेत पांढरा बसतो. लाखेच्या रेकॉर्डीला अल्कोहोल किंवा स्पिरिट लावायचं नाही. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, आमच्याकडे फर्निचरवाले पॉलिश त्याच तत्त्वावर करतात. ओल्या फडक्याने चटकन पुसून लगेच कोरडी करायची. लेबल कुठल्याच ढिगात भिजू द्यायचं नाही.

शोभेचा पितळी कर्णा असलेला ‘जुना’ ग्रामोफोन कुणी गळ्यात मारू पाहील, त्याला नाही म्हणा. असे बहुतेक नवे जुळवलेले असतात. चावीच्या ग्रामोफोनवर व्हिनाइल कधीच लावू नका, पोलादी सुई एका फेरीत ती नांगरून टाकते. खऱ्या ग्रामोफोनवर लाखेची रेकॉर्ड लावाल तर प्रत्येक बाजूला नवी सुई. लाखेत दगडाची पूड घातलेली असते ती सुई घासून खाचेच्या मापाची व्हावी म्हणून. तीन-साडेतीन मिनिटांत त्या सुईचं काम संपलेलं असतं.

विकण्याबद्दल माझं मत : घाई करू नका, आणि मोठ्या पैशाची आशाही धरू नका. लोकप्रिय सिनेमांच्या एलपी हजारोंनी छापल्या गेल्या. राखाडी पडलेल्या प्रतीला गिऱ्हाईक नसतं, असलंच तर कव्हरसाठी. किंमत असते ती कमी छापल्या गेलेल्या मालाला. यंग इंडिया, ट्विन, ओडियन, कोलंबिया अशी लेबलं दिसली किंवा स्थानिक कव्वाल, तमाशाचे फड, भारूड, कीर्तन, संगीत नाटकातली पदं असं काही निघालं, तर ते बाजूला काढा. १९०२ साली कोलकात्यात गौहर जान यांचं गाणं मुद्रित झालं तेव्हापासून या देशात किती गायक ध्वनिमुद्रित झाले, आणि त्यातल्या कितींचा आवाज आज इंटरनेटवर मिळत नाही! मराठवाड्यातल्या पेट्यांत असं काही निघण्याची शक्यता मला जास्त वाटते, कारण जत्रेतली मागणीच तशी होती. हा माल किलोच्या भावाने घेणाऱ्या फेरीवाल्याला देऊ नका. आधी योग्य सुईने एकदा वाजवून कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. ऑडॅसिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर त्यासाठी पुरतं. मूळ मुद्रण खरखरीसकट जसंच्या तसं एका फाइलमध्ये ठेवा, सफाई करायची ती दुसऱ्या प्रतीवर. आज सफाईच्या नावाखाली काढून टाकलेला आवाज परत आणता येत नाही.

आवाजाबद्दलही खरं ते सांगतो. रेकॉर्ड ही सीडीपेक्षा तांत्रिकदृष्ट्या वरचढ नाही. हळू आणि मोठा आवाज यांतलं अंतर सीडी ९६ डेसिबलपर्यंत पकडते, एलपी ६०-७०च्या घरात राहते. नव्या एलपींपैकी पुष्कळशा डिजिटल मास्टरवरूनच कापलेल्या असतात, तेव्हा फक्त ‘एलपीचा आवाज’ म्हणून दोन-अडीच हजार घालून मोबाइलवर आहे तेच गाणं घ्यावं, असं मी कुणाला सांगणार नाही. तुमच्याजवळचा संग्रह मुळात त्या काळात, त्या माध्यमासाठीच केलेला आहे. तो नीट सुईने, स्वच्छ खाचेतून ऐकला की सारंगीचा गज आणि ढोलकीची थाप जशी समोर येते, ती मला अजूनही काम थांबवून ऐकावीशी वाटते. त्यासाठी पैसे घालायला हरकत नाही.

तर क्रम असा ठेवा. उन्हाळ्याच्या आत पेटी माळ्यावरून खाली. दोन ढीग, तिरक्या उजेडात तपासणी. एलपींतल्या वीस-पंचवीस जरी काळ्या आणि चमकदार निघाल्या तर टर्नटेबल घ्या. नाही निघाल्या तर फक्त दुर्मिळ वाटतील त्या उतरवून घेऊन बाकीच्या आजोबांची आठवण म्हणून जपा. ७८च्या किती आणि एलपी किती, आणि कोणत्या लेबलच्या, हे मोजून इथे लिहा. घरात जुना प्लेअर सापडला तर कार्ट्रिजच्या पुढच्या बाजूला छापलेला नंबर भिंगातून वाचून तोही कळवा, त्याची सुई सध्या मिळते का ते बघून सांगतो.